पंचेचाळीस दिवस

जुनी वस्तू विकत घेण्याचं आपल्याकडे एक शास्त्र आहे. गाडी घ्यायची तर ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यायचा, फ्लॅट घ्यायचा तर आधी वॉचमनशी बोलायचं, म्हैस घ्यायची तर धार काढून दाखवायला सांगायचं. आणि काहीही घ्यायचं असो, विकणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारायचा, "का विकताय?" उत्तर खरं येणार नाही हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं, तरी विचारायचं. रिव्हॉल्व्हर जुनं घ्यायचं झालं की मात्र हे सगळं शास्त्र तोकडं पडतं. मेकॅनिक नाही, वॉचमन नाही, "जरा एक चक्कर मारून बघू का" म्हणायची सोय नाही. हाताशी उरतो तो फक्त प्रश्न.

आमचे एक मावसभाऊ आहेत. तासगावकडे द्राक्षबाग, रस्त्यापासून बरंच आत घर, हंगामात व्यापाऱ्याची रोकड कपाटात. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणतो. दादांना शस्त्र परवाना मिळाला तेव्हा त्यांनी पेढे वाटले नाहीत एवढंच, बाकी सगळं केलं. त्या परवान्यावर हत्याराच्या वर्णनाचा रकाना कोरा होता. आपल्या देशात हे असंच आहे, आधी कागद, मग लोखंड. १९५९चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२पासून लागू झाला आणि तेव्हापासून बंदूक घेणं म्हणजे मुख्यतः अर्ज करणं. वय २१ पूर्ण हवं, पोलिसांचा अहवाल हवा, २०१६च्या नियमांनंतर हत्यार सुरक्षितपणे हाताळायला शिकल्याचा दाखलाही हवा. आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे जायचं, बाकीच्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात. या कायद्यातलं एक पोटकलम मला फार आवडतं. कलम १४ सांगतं की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. कायदा करणाऱ्यांचं मन मोठं होतं यात शंका नाही. या पोटकलमाचा लाभ घेतलेला शेतमजूर मला अजून भेटायचा आहे.

कोरा रकाना भरायचा कशाने, हा पुढचा प्रश्न. सैन्याच्या आणि पोलिसांच्या मापाची हत्यारं, ९ मिलिमीटर किंवा .३०३ वगैरे, सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. म्हणून रिव्हॉल्व्हर घेणारा भारतीय माणूस बहुधा .३२वरच येऊन थांबतो. .३२ची ही लांब गोळी १८९६ साली अमेरिकेत बाजारात आली. बाकी जगाने तिला कधीच म्हातारी ठरवली, आपल्याकडे ती अजून सुनेवर हुकूम चालवते. कानपूरचा सरकारी कारखाना गेली कित्येक वर्षं या मापाचं रिव्हॉल्व्हर बनवतो, जुन्या इंग्रजी वेब्लीच्या आराखड्यावर बेतलेलं. जानेवारी २०१४मध्ये तिथूनच 'निर्भीक' आलं, दिल्लीतल्या २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या त्या भयंकर घटनेनंतर, बायकांच्या पर्समध्ये मावेल असं, साधारण अर्धा किलो वजनाचं. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. रात्रीची शेवटची बस पकडून घरी जाणाऱ्या बाईकडे सव्वा लाख रुपये असते तर ती बसने कशाला गेली असती, हा विचार त्या वेळी कोणाच्या मनात आला नसावा. ऑगस्ट २०२३मध्ये 'प्रबळ' आलं. खुद्द वेब्ली अँड स्कॉट ही इंग्रजी कंपनीही मध्यंतरी उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडिला इथे भारतीय भागीदाराबरोबर येऊन बसली.

दादांना यातलं काही नको होतं. त्यांना जुनी वेब्लीच हवी होती, बर्मिंगहॅमची. या हट्टामागे अर्थशास्त्र आहे आणि ते जरा उलट्या डोक्याचं आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद झाली. म्हणजे त्याआधी देशात जेवढी विलायती रिव्हॉल्व्हरं येऊन पडली होती तेवढीच. त्यात भर नाही, उलट दर वर्षी काही गंजतात, काही पोलिसांकडे जमा होऊन धूळ खातात. जगात इतरत्र जे हत्यार जुन्या बाजारात किरकोळ भावाने मिळेल, त्याला आपल्याकडे काही लाख मोजणारे लोक आहेत. गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत उतरते. वेब्लीची मात्र मालक म्हातारा होत जाईल तशी चढते. पोलाद तेच, घोडा तोच, चापही तोच. किंमत चढवली ती एका बंद दाराने.

तर अशी एक वेब्ली कऱ्हाडच्या बाजूला एका गावात आहे असं दादांना कळलं. मालक साखर कारखानदारीच्या पहिल्या पिढीतले, सत्तरी कधीच ओलांडलेले. त्यांना गावात आबा म्हणत. आम्ही गेलो तेव्हा चहा झाला, उसाचा दर झाला, कोणाचे कोण पाहुणे ते झालं, आणि मग आबा आत जाऊन एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डबा मिठाईचा होता. आत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर, आणि चामड्याचं म्यान वेगळं, कागदाच्या पिशवीत. हे वेगळं ठेवणं बघूनच दादांचा चेहरा खुलला. चामडं ओल धरतं. ज्यांनी वर्षानुवर्षं म्यानातच हत्यार ठेवलं त्यांच्या नळीवर आणि सिलिंडरवर गंजाच्या खळ्या पडलेल्या असतात. वरून तेल लावून चकाकी आणली तरी बोटाच्या पेराला त्या लागतात. आबांनी खटका दाबून नळी खाली मोडली. वेब्ली अशीच उघडते, कमरेत वाकल्यासारखी, आणि मागून सहा घरं दिसतात. ती रिकामी असल्याचं त्यांनी आधी स्वतः बघितलं, मग दादांना दाखवलं, मग न विचारता मलाही दाखवलं. त्यानंतर नळीचं तोंड खिडकीकडे करून आतले आटे बघायला दिले. आटे चांगले टोकदार होते. फार झाडलेलंच नव्हतं ते. घोडा ओढून धरल्यावर सिलिंडर जागच्या जागी घट्ट बसतं की हलतं, हे दादांनी दोन बोटांनी चाचपून पाहिलं. शेवटी फ्रेमवर ठोकलेला क्रमांक आबांच्या परवान्यावरच्या क्रमांकाशी एकेक आकडा मोठ्याने वाचत ताडून पाहिला. हा क्रमांक चुकला तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

मी मात्र मुठीकडे बघत होतो. पकड सुटू नये म्हणून मुठीवर बारीक चौकटींची नक्षी असते. त्या नक्षीच्या खाचांतून लाल काहीतरी बसलं होतं, काळपट, पक्कं. गंज वाटला. ते कुंकू होतं. दर खंडेनवमीला कोयता, विळा, पाना, ट्रॅक्टरची चावी यांच्या ओळीत पाटावर हेही मांडलं जायचं, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलं जायचं. पन्नासएक वर्षांच्या खंडेनवम्या त्या खाचांत साठल्या होत्या. आबांना विचारलं, "कधी वापरलं का हो?" तर ते हसले. एकदा रात्री गोठ्यात आवाज आला म्हणून घेऊन बाहेर पडले होते. दावं सुटलेलं वासरू निघालं. "त्येला काय दाखवायचं ह्ये?" असं म्हणून परत येऊन झोपले.

मग दादांनी तो प्रश्न विचारला. "का विकताय, आबा?" आबांनी सांगितलं ते सगळं पटण्यासारखं होतं: हात कापतो, मुलगा पुण्यात कंपनीत आहे, त्याला यातलं काही नको, नातवाला तर बघायलाही देववत नाही. आबांच्या घरच्या म्हाताऱ्या आई दाराशी उभ्या होत्या. इतका वेळ गप्प होत्या, चहाचे कप उचलायला आल्या आणि दादांकडे न बघता म्हणाल्या, "ह्ये घरात आल्यापास्नं त्या खोलीत एक लेकरू मी कधी एकटं सोडलं न्हाई. न्या तुमी." विकणाऱ्याकडून मिळालेलं खरं कारण मी जन्मात तेवढंच ऐकलं.

भाव ठरला. कोणत्याही दुसऱ्या व्यवहारात पैसे द्यायचे आणि वस्तू घ्यायची. या व्यवहारात दादांनी इसार देऊन हात हलवत परत यायचं होतं, कारण कलम ५. दुकानदार नसलेला साधा परवानाधारक स्वतःचं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकू शकतो, त्याला विक्रेत्याचा वेगळा परवाना लागत नाही. पण त्याने जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, मी हे हत्यार विकतोय, अमुक नावाच्या, अमुक पत्त्याच्या माणसाला. आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस थांबायचं. मग ना हरकत, मग एका परवान्यावरून नोंद उतरणार, दुसऱ्यावर चढणार. पंचेचाळीस दिवस ते मिठाईच्या डब्यात आबांकडेच राहणार आणि दादा तासगावात.

मराठी माणसाने हातोहात मिळवलेल्या जुन्या पिस्तुलाची गोष्ट निघाली की एका पिस्तुलाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. २० जानेवारी १९४८ला दिल्लीत बिर्ला भवनात गांधीजींच्या हत्येचा प्रयत्न झाला आणि फसला. त्याच दिवशी आधी हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत दोन रिव्हॉल्व्हरं तपासून पाहिली होती. एकाचं सिलिंडर जागेवर बसेना, दुसऱ्याची गोळी समोरच्या झाडापर्यंत पोचेना. पुण्यात 'शस्त्र भांडार' चालवणारा दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला, त्याच्या साक्षीत हे आलं आहे. जुनं हत्यार बघून न घेतल्याचा हा परिणाम असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण ती रिव्हॉल्व्हरं तशीच वाईट राहायला हवी होती. पुढच्या आठवड्यात नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ग्वाल्हेरला गेले. तिथे २८ जानेवारीला त्यांच्या हाती एक बेरेटा पडलं, ९ मिलिमीटरचं, क्रमांक ६०६८२४. ते कोणामार्फत आलं यावर लाल किल्ल्यातल्या खटल्यात बराच खल झाला. ज्या ग्वाल्हेरच्या डॉक्टरांना त्यापायी शिक्षा झाली ते पुढे अपिलात सुटले. आपल्यापुरती गोष्ट तारखांची आहे. पिस्तूल हाती आलं २८ला. झाडलं गेलं ३० जानेवारीला संध्याकाळी.

मला कल्पना आहे, इथे कोणी म्हणेल की कटवाले काय पोलीस ठाण्यात अर्ज देऊन ४५ दिवस थांबले असते? नसतेच थांबले. आजही थांबत नाहीत. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडून हद्द ओलांडली की मध्य प्रदेशातलं उमर्टी लागतं. गावठी कट्टा सापडल्याच्या बातमीत हे नाव इतक्या वेळा येतं की वाचणाऱ्यालाही सवय झाली आहे. त्या बाजारात परवाना नाही, नोंद नाही, 'का विकताय' नाही. तिथल्या गिऱ्हाइकाला कायद्याचं कुठलंही कलम अडवत नाही, त्याला अडवलं तर पोलीस अडवतात. कायद्यातली मुदत ही सरकारला हरकत घेता यावी म्हणून आहे, तिचा कागदोपत्री उद्देश तेवढाच. पण तिचा खरा उपयोग कोणाला होतो हे मी दादांच्या घरी बघितलं.

पहिल्या आठवड्यात दादा फोनवर नुसतं वेब्लीबद्दल बोलत. कव्हर कुठलं घ्यायचं, गोळ्या कुठल्या दुकानातून आणायच्या. मग वहिनींनी एक दिवस जेवताना विचारलं, "ठेवणार कुठं?" दादा म्हणाले, कपाटात. "किल्ली?" माझ्याकडे. "तुम्ही बागेत असताना चोर आला तर?" किल्ली तुझ्याकडे. "म्हंजे मी झाडायचं?" पुढचं संभाषण मला सांगितलं गेलं नाही, पण त्यानंतरच्या फोनमध्ये कव्हरचा विषय निघाला नाही. मग थोरल्या मुलाचा बारावीचा निकाल लागला आणि तो दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, जेवला, सगळं सुरळीत झालं. पण त्या दोन दिवसांत कपाट रिकामं होतं याचं बरं वाटलं, असं दादा मला म्हणाले, आणि लगेच विषय बदलून द्राक्षांवरच्या डाऊनी रोगावर गेले. मग निवडणूक जवळ आली. आचारसंहितेत परवान्याची हत्यारं जमा करायला सांगतात. ती सरसकट सगळ्यांकडून घेऊ नयेत, प्रत्येकाचं प्रकरण तपासून ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. तरी नोटीस आली की माणूस डबा घेऊन ठाण्यात जातोच, उगाच वाकडं कशाला घ्या म्हणून. रोकड घरात असते तो हंगाम आणि निवडणुकीचा हंगाम एकच आला तर काय, याचा हिशेब दादा करू लागले.

टेक्सासमधल्या आमच्या भाच्याला हे सगळं ऐकून गंमत वाटली. तिकडे एकाच राज्यात राहणाऱ्या दोन खासगी माणसांना आपसात जुनं पिस्तूल विकायचं तर केंद्रीय कायदा पूर्वतपासणी मागत नाही. घेणाऱ्याला बंदी आहे हे ठाऊक असताना विकायचं नाही, एवढंच बघायचं. दुपारी भेटून संध्याकाळी घरी. त्याने विचारलं, "मामा, पंचेचाळीस दिवसांत माणसाला जी गरज आहे ती भागते कशी?" प्रश्न बिनतोड आहे. ज्याला आज रात्री भीती आहे त्याला ४५ दिवसांनी मिळालेलं हत्यार काय कामाचं? पण मी भोवतीच्या परवानाधारकांकडे बघतो तेव्हा आज रात्रीची भीती असलेला माणूस मला त्यांत फारसा दिसत नाही. दिसते ती लग्नाच्या वरातीत कमरेला लावलेली मूठ. २०१९च्या दुरुस्तीने अशा आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले, ते कोणा चोरांसाठी ठेवले नाहीत. रीतसर परवाना असलेल्या, रीतसर फेटा बांधलेल्या पाहुण्यांसाठीच ठेवले.

आणि एकेकाळी याच हत्याराचा अर्थ आपल्याकडे निराळा होता, हेही विसरून चालत नाही. १८७८च्या इंग्रजी शस्त्र कायद्याने नेटिवाला परवान्याखाली आणलं आणि युरोपियनाला मोकळं सोडलं. त्याचा सल पुढे दोन पिढ्या राहिला. १९३१च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पुढे संविधान सभेत ह. वि. कामथांनी हाच हक्क घटनेत आणू पाहिला, तो मान्य झाला नाही. साल १९४८च होतं, महिना डिसेंबर. जानेवारीतलं ते बेरेटा सभागृहातल्या किती जणांच्या डोळ्यांसमोर होतं हे इतिवृत्तात मिळायचं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर सभागृहाने केलं ते बरोबर केलं. परवाना देताना भेदभाव होतो ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावर उपाय प्रत्येकाच्या कपाटात एकेक डबा हा नव्हे.

दादांचा व्यवहार शेवटी झाला नाही. मुदत संपायच्या आधीच त्यांनी आबांना फोन केला, इसाराचे पैसे तुम्हीच ठेवा म्हणाले. आबांनी ते परत पाठवले, वर बेदाणे मागवले. वेब्ली नंतर मिरजेकडच्या कोणा बागायतदाराने घेतली असं कळलं. दादांनी बांधावर दिवे लावले, दोन कुत्री पाळली आणि व्यापाऱ्याला सांगितलं, पैसे थेट बँकेत टाक. परवान्याचा रकाना कोराच राहिला.

आता ज्यांच्या घरात असा एखादा डबा आहे त्यांच्यासाठी थोडं. परवानाधारक वारला की त्याचा परवाना संपतो, आणि परवान्याशिवाय हत्यार घरात ठेवणं हा गुन्हा होतो, मग ठेवणारी त्याची विधवा का असेना. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. २०१६च्या नियमांत सोय अशी आहे की परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली, यांतलं जे आधी होईल तेव्हा, त्याला हयातीतच वारस सुचवून हत्यार त्याच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. वारसाला नको असेल तर आबांसारखं जिवंतपणी, हात कापू लागण्याच्या जरा आधीच, विकून मोकळं व्हावं. आणि २०१९पासून एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वीसारखी तीन नाहीत. आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर असेल तर तीही मोजा.